साथ आली तेव्हा खुर्चीत कोण होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविड ओसरून वर्षं लोटली, तरी "आमच्या जिल्ह्यात साहेब डॉक्टर असते तर चित्र वेगळं असतं का?" हा प्रश्न काही थांबत नाही. कधी तो पुण्यातून येतो, कधी धडगावातून, कधी थेट कॅलिफोर्नियातून. प्रत्येकाला सुटं उत्तर देण्यापेक्षा सगळं इथे एका जागी लिहून ठेवलं आहे. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत, भाषा थोडी आवरली आहे. मतं माझी आहेत, आणि ती जिथे आहेत तिथे ती ओळखू येतील.

१. साथ आली की जिल्ह्यात शेवटचा शब्द कोणाचा? डॉक्टरांचा की कलेक्टरांचा?

कलेक्टरांचा. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण असतं. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष, स्थानिक संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी सहअध्यक्ष, आणि पोलीस अधीक्षक व जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी सदस्य. म्हणजे डॉक्टर बैठकीला असतात, आदेशावर सही मात्र कलेक्टरांची. महापालिकेच्या हद्दीत कारभार आयुक्तांकडे. जोडीला १८९७ चा साथरोग कायदा आहेच. महाराष्ट्राने तो १३ मार्च २०२० ला लागू केला. पालकमंत्र्यांना या रचनेत कायद्याने वेगळं स्थान नाही, पण आढावा बैठकीत मधली खुर्ची कोणाची असते हे जिल्हा कार्यालयातला शिपाईही सांगेल.

२. डीएचओ आणि सिव्हिल सर्जन एकच ना?

नाही, आणि हा घोळ साथीत महागात पडतो. जिल्हा आरोग्य अधिकारी जिल्हा परिषदेत बसतात. प्राथमिक आरोग्य केंद्रं, उपकेंद्रं, आरोग्यसेविका, आशा ही सगळी गावाकडची फळी त्यांच्याकडे. जिल्हा शल्यचिकित्सक बसतात सिव्हिलला. उपजिल्हा रुग्णालयं आणि ग्रामीण रुग्णालयं त्यांच्याकडे. जिथे सरकारी मेडिकल कॉलेज आहे तिथे अधिष्ठाता हा तिसरा माणूस येतो, आणि तो वैद्यकीय शिक्षण विभागाचा, म्हणजे त्याचं मंत्रालयातलं खातंच निराळं. शहरात महापालिकेचे आरोग्य अधिकारी हा चौथा.

चौघेही डॉक्टर, पण नजर चौघांची वेगळी. आढावा बैठकीत डीएचओ सांगतात की अमुक गावात हाय रिस्क कॉन्टॅक्ट शोधायचे राहिलेत. सिव्हिल सर्जन विचारतात, ऑक्सिजन किती तासांचा उरलाय. अधिष्ठाता म्हणतात, बाहेरून रेफर होऊन येणारे पेशंट आधी थांबवा. तिघांचंही बरोबर असतं. त्यांतलं आधी कोणतं ऐकायचं हे अध्यक्षांनी ठरवायचं, आणि अध्यक्ष पूर्वी काय काम करून आलेत यावर बरंच काही अवलंबून असतं.

३. 'पार्श्वभूमी' म्हणजे तुम्ही नेमकं काय धरता? डिग्री?

डिग्री धरतो, पण पहिल्या नंबरावर नाही. मी चार गोष्टी बघतो: याआधीची नेमणूक कुठे होती, पूर्वी एखादी साथ किंवा आपत्ती हाताळली आहे का, तिथल्या लोकांची भाषा येते का, आणि खुर्चीत येऊन किती दिवस झाले. डिग्री त्यानंतर. माझं म्हणणं थोडक्यात असं की पार्श्वभूमी माणसाला एक पहिली सवय लावते. संकट आलं की पोलिसातून आलेला रस्ता अडवतो, सर्जन खाटा मोजतो, महसुलातला माणूस आदेश काढतो. पहिल्या पंधरवड्यात ही सवयच काम करते, कारण विचार करायला वेळ नसतो. त्यानंतर तिला कोणी अडवणारं जवळ आहे का, यावर पुढचं ठरतं. खालची बहुतेक उत्तरं याच मुद्द्याभोवती फिरतात.

४. मग डॉक्टर कलेक्टर असेल तर काम चांगलं होतंच ना? नंदुरबारचं उदाहरण सगळे देतात.

देतात, आणि ते द्यावं असंच आहे. फक्त त्यातून निघणारा धडा बहुतेक जण अर्धाच घेतात.

डॉ. राजेंद्र भारूड मुंबईच्या केईएमला जोडलेल्या जी. एस. मेडिकल कॉलेजचे एमबीबीएस. पहिली लाट चालू असतानाच नंदुरबारने हवेतून ऑक्सिजन तयार करणारे प्लांट उभे करायला घेतले. पहिला सप्टेंबर २०२० मध्ये चालू झाला, आणि पुढे देशभर रुग्ण घटत होते, कोविड सेंटरं बंद होत होती, त्या काळातही त्यात भर पडली. एप्रिल २०२१ मध्ये मोठमोठी शहरं टँकरची वाट बघत असताना हा आदिवासीबहुल, दुर्गम जिल्हा आपल्यापुरता ऑक्सिजन तयार करत होता.

दुसरी लाट येणार हे डॉक्टर म्हणून ओळखणं हा झाला एक भाग. पण त्याच सुमारास हजारो डॉक्टरांनाही ते कळत होतं. त्यांच्या हातात जिल्हा नियोजनचा निधी नव्हता. आपत्ती निधी आणि कंपन्यांचा सामाजिक निधी कुठून, कोणत्या शीर्षाखाली बसवायचा हे प्रशासकाचं शिक्षण. भारूड त्याआधी सोलापूर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला कुलूप का लागतं हे त्यांनी आतून पाहिलं होतं. तिसरं म्हणजे ते साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, भिल्ल समाजातले. या तिन्ही गोष्टी एकाच माणसात आल्या. "डॉक्टर होता म्हणून जमलं" असं म्हणणाऱ्याने उरलेल्या दोन विसरू नयेत.

५. बऱ्याच अधिकाऱ्यांच्या नावाआधी 'डॉ.' असतं. ते सगळे एमबीबीएस का?

नाहीत. त्यांत एमबीबीएस असतात, बीएएमएस असतात, पीएचडीवाले असतात आणि व्हेटर्नरीचेही बरेच असतात. शेवटच्यांना लोक हसतात, पण मला ते साथीच्या कामाला सगळ्यात जवळचे वाटतात. गुरांच्या डॉक्टरला पहिल्या दिवसापासून एका जनावरापेक्षा गोठा आणि कळप बघायला शिकवतात. भारतात कोंबड्यांमधला बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला. बाधित क्षेत्र आखणं, वाहतूक बंद करणं, पक्षी नष्ट करणं, नुकसानभरपाई वाटणं हे सगळं तिथे झालं. 'कंटेनमेंट' हा शब्द बाकीच्यांना २०२० मध्ये कळला, पशुसंवर्धनवाल्यांना तो चौदा वर्षं आधी पाठ होता.

६. ज्यांचा वैद्यकाशी काही संबंध नाही अशांनी साथ चांगली हाताळल्याचं उदाहरण आहे का?

मुंबईचंच घ्या. ८ मे २०२० ला इक्बालसिंग चहल महापालिकेचे आयुक्त झाले. डॉक्टर नव्हेत, आधी नगरविकास खात्यात होते. त्यांच्या काळातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा निर्णय वरकरणी अगदी कारकुनी आहे. बेडसाठी एकाच मध्यवर्ती हेल्पलाइनवर सगळी मुंबई फोन लावत होती. ते काम फोडून चोवीस वॉर्डांच्या वॉर रूमना वाटून दिलं. पॉझिटिव्ह रिपोर्ट लॅबने थेट पेशंटच्या हातात न देता आधी पालिकेला कळवायचा, आणि मग वॉर्डाने पेशंटला फोन करायचा. यात वैद्यकशास्त्र शून्य. रांग कुठे तुंबते हे ओळखण्याची नजर मात्र पूर्ण. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजन कमी पडतोय म्हणून एका रात्रीत सहा रुग्णालयांतले १६८ रुग्ण हलवावे लागले, तेव्हा हीच यंत्रणा कामी आली.

धारावी हेही त्यातलंच. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरची वस्ती, आठ लाखांवर माणसं, आणि त्यांतली बहुतेक सार्वजनिक शौचालयं वापरणारी. इथे 'घरी वेगळ्या खोलीत राहा' हा सल्ला निरर्थक होता. जी-उत्तर वॉर्डाने शाळा आणि सभागृहं विलगीकरणासाठी घेतली, शौचालयं दिवसातून अनेकदा धुवून घेतली, आणि वस्तीतले खासगी डॉक्टर पीपीई किट घालून घरोघर नेले. हे शेवटचं फार महत्त्वाचं. पालिकेच्या माणसाला दार न उघडणारी बाई रोजच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना आत बोलावते. वॉर्डाच्या साहेबांना ते सुचलं, कारण त्या वॉर्डात रोजचं काम केल्याने कुठल्या गल्लीत कोणाचं ऐकतात हे ठाऊक होतं.

७. सर्जन, फिजिशियन आणि 'पीएसएम'वाले, म्हणजे जनआरोग्य शिकलेले, डॉक्टर यांत एवढा काय फरक? शेवटी सगळे डॉक्टरच.

फरक अपूर्णांकातल्या छेदाचा आहे. वॉर्डातल्या डॉक्टरपुढे पेशंट येतो आणि तो वाचला पाहिजे. त्याच्या अपूर्णांकात फक्त अंश असतो. जनआरोग्य शिकलेला माणूस आधी विचारतो, किती जणांमधले? कोणत्या गावातले? तपासणी किती झाली? दहा पेशंट हा आकडा दोनशे तपासण्यांतला वेगळा आणि वीसमधला वेगळा.

एप्रिल २०२० मध्ये राज्याने डॉ. संजय ओक यांच्या अध्यक्षतेखाली टास्क फोर्स नेमला. ओक स्वतः बालशल्यचिकित्सक आणि केईएमचे माजी अधिष्ठाता. सोबत नामवंत रुग्णालयांतले तज्ज्ञ. गंभीर रुग्णांचे मृत्यू कमी करायचे, उपचाराची एकसारखी पद्धत ठरवायची, यासाठी हीच माणसं हवी होती. पुढे मात्र टीव्हीवाले त्यांना शाळा कधी उघडायच्या, देवळं कधी उघडायची, लोकल कधी सुरू करायची हेही विचारू लागले. अतिदक्षता विभागात सोळा तास घालवून आलेल्या माणसाला जग अतिदक्षता विभागाएवढं दिसतं, त्यात त्याचा दोष नाही. माझी तक्रार विचारणाऱ्यांबद्दल आहे. राज्याचे साथरोग सर्वेक्षण अधिकारी, जिल्ह्यातले आयडीएसपीचे, म्हणजे एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाचे लोक, ज्यांच्या टेबलावर संशयित, संभाव्य आणि लॅबने पक्क्या केलेल्या रुग्णांचे एस, पी आणि एल फॉर्म येऊन पडतात, त्यांचे चेहरे किती जणांना आठवतात?

८. हे सगळं कोविडपुरतंच आहे की आधीही असं झालंय?

याहून लख्ख उदाहरण सव्वाशे वर्षांपूर्वीचं आहे, आणि ते पुण्याचं आहे.

१८९७ च्या प्लेगात पुण्याच्या प्लेग समितीचा अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड. आयसीएस अधिकारी, साताऱ्यात असिस्टंट कलेक्टर असताना वाईच्या प्रकरणात लोकांना तुरुंगात टाकून कडक म्हणून नाव कमावलेला. अशा माणसाच्या हाताखाली गोरे सोल्जर दिले. मार्च ते मे दरम्यान घरझडती झाली. देवघरात बूट, बायकांची तपासणी, सामानाची होळी. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली. एवढं शाळेतही शिकवतात.

शाळेत न शिकवलेली गोष्ट अशी, की त्या समितीत डॉक्टर होता. सर्जन-कॅप्टन बेव्हरिज. तोही साधासुधा नव्हे, हाँगकाँगच्या १८९४ च्या प्लेगात काम केलेला, म्हणजे त्या काळी मिळू शकणारा अनुभवी माणूस. घरोघर झडती आणि सक्तीचं विलगीकरण ही हाँगकाँगमध्ये वापरलेली रीत पुण्यात आली, आणि "इथे हे चालणार नाही" असं म्हणू शकणारा एकही पुणेकर त्या समितीत नव्हता. शास्त्रही अपुरं होतं. उंदरावरच्या पिसवांचा धागा पॉल-लुई सिमाँने १८९८ मध्ये मांडला; तोवर सोल्जर माणसं शोधत राहिले.

मुंबईत त्याच प्लेगात एकाच खुर्चीवर पाठोपाठ दोन माणसं बसली. आधी ब्रिगेडियर-जनरल गॅटेकर, लष्करी माणूस. मग जेम्स कॅम्बेल. बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या गॅझेटिअरचे संपादक ते हेच. जातीजमाती, सण, समजुती यांची टिपणं करण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने समाजातल्या पुढाऱ्यांना हाताशी धरण्यावर भर दिला, जातवार इस्पितळांना वाव दिला. तरीही मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगल उसळलीच. समंजस माणूस नेमला म्हणून मागचं सगळं पुसलं जात नाही.

आणि या सगळ्याच्या आधी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मांडवीत हा प्लेग आहे असं ओळखणारे डॉ. आकासिओ व्हिएगस. मूळचे गोव्याच्या हडफड्याचे, मांडवीत दवाखाना चालवणारे आणि महापालिकेचे सदस्य. दवाखान्यात पाहिलेलं सभागृहात बोलता येणं, हा योग फार क्वचित जुळतो.

९. लस शोधणारे हाफकिन तरी डॉक्टर होते ना?

नाही. वाल्डेमार हाफकिन प्राणिशास्त्रज्ञ होते. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या संस्थेला त्यांचं नाव आहे.

१०. अधिकारी स्थानिक असावा की बाहेरचा?

साथीत स्थानिक, निदान भाषा येणारा. लसीबद्दलची भीती सातपुड्यातल्या पाड्यावर पावरी बोलीत बोलली जाते आणि तिला मराठी पोस्टरने उत्तर देता येत नाही. मालेगावात एप्रिल २०२० मध्ये यंत्रमागाच्या दाट वस्तीत हीच अडचण उर्दूची आणि अविश्वासाची होती. मौलाना, स्थानिक डॉक्टर आणि युनानी हकीम सोबत आल्यावर दारं उघडायला लागली.

बाहेरच्याचाही एक फायदा आहे. दंड करताना, मंगल कार्यालय सील करताना त्याला मेव्हण्याचा फोन येत नाही. म्हणून मी स्थानिक डीएचओ आणि बाहेरचा कलेक्टर ही जोडी पसंत करतो. उलटी जोडी फारशी चालत नाही.

११. साथ चालू असतानाच बदल्या का करतात? त्याने नुकसान होत नाही?

होतं. जून २०२० मध्ये ठाणे, उल्हासनगर, मीरा-भाईंदर इथले महापालिका आयुक्त बदलले. पुण्याचे जुलैमध्ये, नागपूरचे ऑगस्टमध्ये. ठाण्यातल्या आयुक्तांना येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. नव्या माणसाला कुठलं खासगी हॉस्पिटल बेड लपवतं आणि कुठला वॉर्ड ऑफिसर फोन उचलत नाही, हे कळायला महिना जातो.

पण बदलीवरून माणसाच्या लायकीचा निकाल काढू नका. मे २०२० मध्ये मुंबईतून बदललेले प्रवीणसिंह परदेशी १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूरचे जिल्हाधिकारी होते. आपत्तीचा एवढा अनुभव त्या वेळी फार कमी अधिकाऱ्यांकडे होता. भूकंपात सगळ्यात वाईट दिवस पहिला असतो आणि तिथून पुढे रोज चांगलं होत जातं. साथीत उलटं असतं. हा फरक कोणाही आपत्तीवाल्या अधिकाऱ्याला नव्याने शिकावा लागतो.

१२. मंत्री, महापौर यांच्या पार्श्वभूमीने काही फरक पडतो का?

अधिकाराच्या प्रमाणात पडतो. मुंबईच्या तेव्हाच्या महापौर किशोरी पेडणेकर पूर्वी परिचारिका होत्या. एप्रिल २०२० मध्ये त्या गणवेश घालून नायर रुग्णालयात गेल्या आणि परिचारिकांना धीर दिला. पण महाराष्ट्रात महापौराच्या हातात कारभार नसतो, तो आयुक्तांकडे.

केरळच्या के. के. शैलजा शिक्षिका. २०१८ चा निपाह त्यांनी आरोग्यमंत्री म्हणून पाहिला होता, आणि २०२० च्या जानेवारीत वुहानहून परतणाऱ्या विद्यार्थ्यांची बातमी आली तेव्हा कोणाला फोन करायचा हे त्यांना माहीत होतं.

याउलट गोवा. मुख्यमंत्री डॉ. प्रमोद सावंत हे कोल्हापुरात शिकलेले आयुर्वेदाचे डॉक्टर. मे २०२१ मध्ये बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात ऑक्सिजनचा दाब पहाटे पडू लागला, रुग्ण दगावू लागले, आणि मुख्यमंत्री एक सांगतात, आरोग्यमंत्री दुसरंच, असं सगळ्या राज्याने पाहिलं. शेवटी उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला लक्ष घालावं लागलं. त्याच आठवड्यात सगळ्या प्रौढांना आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा झाली, जागतिक आरोग्य संघटना त्याविरुद्ध सांगत असताना. पदवी असलेला माणूस सर्वोच्च खुर्चीत होता. सिलिंडरची ट्रॉली कोण लावतो याची जबाबदारी मात्र नेमकी कोणाची, ते ठरलेलं नव्हतं.

१३. आम्ही सॅन होजेला राहतो. इथे काउंटीची डॉक्टर थेट लॉकडाउन लावते. तिथे असं का नाही?

कायदा वेगळा. कॅलिफोर्नियात काउंटीचा हेल्थ ऑफिसर डॉक्टरच असावा लागतो आणि त्याला स्वतःच्या सहीने आदेश काढता येतो. तुमच्या सांता क्लारा काउंटीच्या तेव्हाच्या हेल्थ ऑफिसर डॉ. सारा कोडी यांनी पूर्वी सीडीसी या अमेरिकेच्या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेच्या साथ-तपास सेवेत प्रशिक्षण घेतलं होतं. १६ मार्च २०२० ला बे एरियातल्या सहा काउंट्यांनी मिळून घरी थांबण्याचा आदेश काढला. अमेरिकेतला तो पहिला. साथीचा आलेख पुढे कुठे जाणार हे वाचता येणारा माणूस सही करण्याच्या जागी होता, म्हणून ते जमलं. त्याची किंमतही त्याच माणसाने मोजली: धमक्या आल्या, पोलीस संरक्षण घ्यावं लागलं. आपल्याकडे शिव्या कलेक्टर खातो आणि डीएचओ वाचतो, हा आपल्या पद्धतीचा एक अघोषित फायदा.

इंग्लंडमध्ये जनआरोग्य संचालक २०१३ पासून स्थानिक कौन्सिलात बसतात आणि त्यांना वैद्यकीय पदवी असलीच पाहिजे असं नाही. जनआरोग्याचं रीतसर प्रशिक्षण मात्र हवं.

१४. तामिळनाडूत म्हणे जनआरोग्याच्या डॉक्टरांचं वेगळं केडर आहे?

आहे. मद्रास जनआरोग्य कायदा १९३९ चा, आणि जनआरोग्याचं संचालनालय रुग्णालयांपासून वेगळं. तिथे जनआरोग्यात करिअर करणारा डॉक्टर त्याच वाटेने वर चढतो. मधेच त्याला शस्त्रक्रिया विभाग सांभाळायला पाठवत नाहीत. केंद्राने एप्रिल २०२२ मध्ये सगळ्या राज्यांना असं केडर करण्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. तरीही मे २०२० मध्ये चेन्नईच्या कोयंबेडू बाजारातून साथ जिल्ह्याजिल्ह्यात गेलीच. केडर असलं म्हणून बाजार समितीची गर्दी आपोआप आवरत नाही.

१५. डॉक्टर-कलेक्टर असलेले जिल्हे आणि नसलेले जिल्हे, मृत्युदर लावून बघा की. सरळ उत्तर मिळेल.

सरळ मिळणार नाही. नेमणुका चिठ्ठ्या टाकून होत नाहीत. मोठ्या, अवघड शहरांत मुरलेले अधिकारी पाठवतात आणि तिथेच साथ जास्त पेटते. मग अनुभवी अधिकारी म्हणजे जास्त मृत्यू, असा उफराटा निष्कर्ष निघेल.

दुसरा सापळा नोंदीचा. २०२१ मध्ये राज्यात जुने, पोर्टलवर न चढलेले मृत्यू मागाहून जोडले गेले. ज्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने प्रामाणिकपणे रजिस्टर आणि पोर्टल ताडून पाहिलं त्याचा आकडा फुगला. ज्याने दुर्लक्ष केलं तो कागदावर उत्तम. छेदाची गंमत प्रश्न ७ मध्ये सांगितलीच आहे. मी तरी अशा तक्त्यांपेक्षा एक साधी गोष्ट बघेन: पहिला रुग्ण सापडल्यापासून त्याच्या संपर्कातले लोक गाठायला किती तास लागले.

१६. गावात काय? तिथे तर ना कलेक्टर येतो ना डीएचओ.

गावात सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक आणि आशाताई. हिवरे बाजारने मे २०२१ मध्ये गाव कोरोनामुक्त केलं. पोपटराव पवार डॉक्टर नाहीत, पण तीस वर्षं पाण्याचा हिशेब लावून घ्यायची, ठरलं ते पाळायची सवय त्या गावाला आहे. पथकं नेमून घरोघर विचारपूस करणं त्यांना नवं नव्हतं.

बाकी ठिकाणी भार आशांवर पडला. यादीत पत्ता लिहिलेला असायचा "मारुती मंदिरामागे", मोबाइल नंबर एक आकडा कमी. तो माणूस शोधून काढणारी बाई गावची सून असते, आणि कुणाच्या घरी मुंबईहून पाहुणे आलेत हे तिला कोणत्याही पोर्टलच्या आधी कळतं.

१७. साथ पाण्यातून आली तर हेच लागू?

अर्धंच. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, एनआयव्हीच्या (राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या) तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, आणि संशय पाण्यावर गेला. तिथे सगळ्यात उपयोगी माणूस न्यूरोलॉजिस्ट नव्हे, पाणीपुरवठ्याचा ज्युनिअर इंजिनिअर, ज्याला कोणती विहीर कोणत्या टाकीला जोडली आहे ते ठाऊक असतं. हा भाग नव्याने महापालिकेत आलेल्या गावांचा, त्यामुळे जुनी माहिती ग्रामपंचायतीच्या माणसांकडे होती.

१८. आम्ही कॅन्टोन्मेंटमध्ये राहतो. आमचे 'आयुक्त' कोण?

कोणीच नाही. पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली ही छावणी मंडळं संरक्षण मंत्रालयाखाली येतात. अध्यक्ष लष्करी अधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी संरक्षण मालमत्ता सेवेतले, म्हणजे पार्श्वभूमी जमिनीच्या कामाची. दवाखाना मंडळाचा. आपत्ती कायद्याखालचे कलेक्टरांचे आदेश मात्र तुम्हालाही लागू. रस्त्याच्या अलीकडे एक नियम आणि पलीकडे दुसरा, हे २०२० मध्ये कॅम्पातल्या दुकानदारांनी भरपूर सोसलंय.

१९. आमच्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांची माहिती कशी काढायची?

माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, तीस दिवसांत उत्तर. खासगी चौकशी टाळा. मागायचं ते असं: जिल्हा आरोग्य अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी आणि साथरोग तज्ज्ञ यांची मंजूर पदं किती, भरलेली किती, अतिरिक्त कार्यभारावर किती. 'अतिरिक्त कार्यभार' हा शब्द उत्तरात वारंवार दिसला तर पार्श्वभूमीची चर्चा पुढे ढकला. खुर्चीत माणूसच नाही.

२०. मी तालुका आरोग्य अधिकारी आहे. माझं मत एक आणि वरचा आदेश उलटा, असं झालं तर?

प्रश्न ३ मध्ये 'अडवणारा माणूस' म्हटलं तो तुम्हीच. आदेश पाळावा लागेल, पण आधी मत फाइलवर आणा. व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये तोंडी बोललेलं हवेत जातं. अर्ध्या पानाची टिपणी लिहा: रुग्ण किती, तपासण्या किती, कोणत्या वाडीत, आणि तुमची शिफारस काय. विशेषणं नकोत, आकडे आणि तारखा हव्यात. "सादर" लिहून वर पाठवा, जावक क्रमांक टाका, आपली प्रत ठेवा. साहेबांनी शेरा मारून परत केली तर तो शेराही सांभाळा.

सद्‌भावनेने केलेल्या कृतीला साथरोग कायद्याचं कलम ४ आणि आपत्ती कायद्याचं कलम ७३ संरक्षण देतं. ते तुम्हालाही आहे आणि साहेबांनाही. उद्या सद्‌भावना कोणाची होती हे ठरवायची वेळ आली, तर तुमच्याकडे ती टिपणी असेल.